बिनपरवान्याचे अण्णा

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, यांचा कागदांवर फार जीव. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना तीस वर्षं झाली, पण लोखंडी ट्रंकेतला एकही कागद इकडचा तिकडे झालेला नाही. बिलाला टाचणी कुठल्या कोपऱ्यात मारायची याचाही त्यांचा नियम आहे. अशा माणसाला बेकायदा ठरवायची संधी मला पन्नाशीत मिळाली आणि मी ती सोडली नाही.

झालं असं, की माझ्या धाकट्या भावाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. तो एक्केचाळीस वर्षांचा आहे, पण जन्मापासून त्याची समज लहान मुलाएवढीच राहिली. आकडे वीसपर्यंतच येतात, तरी साताऱ्याच्या स्टँडवरचे निम्मे कंडक्टर त्याला हाक मारतात. आई गेल्यापासून तो आणि अण्णा दोघंच गावी राहतात. मी सांगलीला असते. त्याच्या वतीनं सही कोण करणार, असं डॉक्टरांनी विचारलं. अण्णांनी ऐटीत आपलं फौजेचं डिस्चार्ज बुक पुढं केलं. जवानाला मूल झालं की पलटणीच्या दफ्तरात त्याची नोंद होते, तिला पार्ट टू ऑर्डर म्हणतात.

"पार्ट टू ऑर्डर झालीया त्याची," अण्णा म्हणाले. "मी बाप हाय. आनि काय पायजे?"

डॉक्टर भले होते. त्यांनी सावकाश समजावलं. मूल अठराचं झालं की बापाचं पालकत्व कायद्यानं संपतं, मग ते मूल शहाणं असो की भाबडं. पुढं त्याला पालक हवा असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून रीतसर नेमून घ्यावा लागतो. सुदैवानं ऑपरेशनची घाई नव्हती.

परतीच्या एसटीत अण्णा डिस्चार्ज बुक पुन्हा पुन्हा चाळत होते. मला राहवेना.

"अण्णा, तेवीस वर्सं तुमी बिनपरवान्याचं बाप हायसा."

घरी पोचल्यावर त्यांनी डिस्चार्ज बुक ट्रंकेत ठेवलं आणि संध्याकाळचा चहा घेतला. मग म्हणाले, अर्जात पालक म्हणून तुझंच नाव घाल, मी ऐंशीचा झालो. आवाजात तक्रार अजिबात नव्हती, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. आपल्यामागं या पोराचं काय, हा घोर त्यांनी इतकी वर्षं एकट्यानं वाहिला होता.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात भावाची कवायत सुरू झाली. साहेब विचारतील तुझी काळजी कुणी घ्यायची, तू म्हणायचं ताईनं. रोज सकाळी पंचवीस वेळा. भाऊ वीसनंतर मोजायचा थांबे आणि पुन्हा एकपासून धरे, त्यामुळं कवायत काही संपत नसे.

समितीसमोर जायच्या दिवशी त्यानं जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शिपायाला कडक सलाम ठोकला. शिपाईही माजी सैनिक निघाला; त्यानं उलट ठोकला. आत टेबलामागच्या बाईंनी मऊ आवाजात तोच प्रश्न विचारला. भाऊ खणखणीत म्हणाला, "ताईनं." अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. पण भाऊ खुर्चीतून उठेना.

"आन अण्णांचा फारम?"

बाईंना कळेना. त्यानंच समजावलं. अण्णांची गोळी तो देतो, अण्णांचा चष्मा तो शोधतो, न्हाणीघरात अण्णांचा हात तो धरतो. मग अण्णांच्या कागदावर सही त्याची नको का? बाई म्हणाल्या, त्याला कागद लागत नाही. आम्ही सगळे हसलो, सगळ्यांत मोठ्यानं अण्णा. भाऊ मात्र हसला नाही. बिनकागदाचं काम त्याच्या घरात चालत नसे.

समितीनं घर बघून घेतलं आणि पुढं आदेश हातात आला. ऑपरेशनच्या सकाळी मी पालकाच्या रकान्यात सही केली आणि अण्णांना मुद्दाम दाखवली. भावाला आत नेलं. आम्ही बाहेरच्या बाकड्यावर बसलो. मी आदेशाची घडी नीट करत होते, फोटो काढून सांगलीला घरी पाठवत होते.

अकराच्या सुमाराला अण्णांचं डोकं माझ्या खांद्यावर कललं. नर्स धावत आली, तिनं रक्तदाब बघितला आणि विचारलं, सकाळची गोळी दिली का?

मला ती गोळी कुठली हेही माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं, तो आत टेबलावर होता.

अण्णा लवकरच सावरले. दुपारी भाऊ शुद्धीवर आला. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग अण्णांकडं, आणि जड जिभेनं विचारलं, "गोळी घेतली?"

कायदेशीर पालकानं मान खाली घातली.