दाढीचं राजकारण

जर्मनीत कायझर्सलाउटर्नला पीएचडी करताना मी एका इराणी न्हाव्याकडे केस कापायचो. बोलताना त्याची कात्री हवेतच चालत राहायची.

"राजाच्या काळात कचेरीत नोकरी हवी तर दाढी काढ म्हणाले," तो एकदा म्हणाला. "क्रांतीनंतर तीच नोकरी टिकवायला दाढी वाढव म्हणाले. दोघांनाही देशच सुधारायचा होता."

मी ऐटीत सांगितलं, "आमचं राज्य धर्मनिरपेक्ष आहे. केसादाढीत कोणी लक्ष घालत नाही."

"मग शनिवारची सुट्टी सोडून तू शुक्रवारी, कामाच्या दिवशी का येतोस?"

"शनिवारी केस कापलेले आईला चालत नाहीत."

"ती इथे असते?"

"नाही, पुण्यात."

त्याची कात्री थांबली. "आणि तिथे विरोधी पक्ष?"

"बाबा आहेत," मी म्हटलं. "तेही शुक्रवारीच कापतात."