टाक्याचं पाणी कोण पितं?
परवा संगमनेरच्या स्टँडवर उकडलेल्या शेंगांचा वास आला आणि मला नगरमधली माझी भाड्याची खोली आठवली. दर रविवारी दुपारी आम्ही चार मित्रमैत्रिणी तिथे एक खेळ खेळायचो. आमच्यातला एक जण काल्पनिक राज्याची गोष्ट सांगायचा, बाकीचे आम्ही तिघं त्या गोष्टीतले सरदार व्हायचो आणि फासे टाकत पुढे सरकायचो. एक डोंगरी किल्ला मात्र तीन रविवार आम्हाला दाद देत नव्हता. आलेखाच्या कागदावर बुरूज, चोरवाट, पाण्याचं टाकं सगळं काढून झालं होतं. शेवटी मीच म्हणाले, "टाक्यात विष कालवू." तेवढ्यात घरमालकीण काकू शेंगांचं ताट घेऊन आल्या. त्या भंडारदऱ्याकडच्या. कागदावर वाकून त्यांनी विचारलं, "ह्या टाक्याचं पानी कोन पितं?" "शत्रूचे सैनिक," मी सांगितलं. "आन् त्यांचा सैपाक कोन करतं?" आम्ही गोष्ट सांगणाऱ्याकडे पाहिलं. त्याने वहीचं मागचं पान उघडलं. तिथे पाथरवट, सुईण, दोन म्हाताऱ्या बहिणी, अशी किल्ल्यातली कितीतरी माणसं नावानिशी लिहिलेली होती. "तुम्ही कधी विचारलंच नाही," तो म्हणाला. विषाचा बेत मी खोडून टाकला. त्यानंतर आम्ही दूत पाठवून नुसते प्रश्नच विचारत राहिलो. पुढे आमच्या बदल्या झाल्या, खेळ मोडला आणि किल्ला काही हाती आला नाही; पण दरवाजावरचा पहारेकरी रोज संध्याकाळी आपल्या आंधळ्या आईला वारा खायला तटावर आणायचा, हे त्या प्रश्नांतून कळलेलं मी आजही विसरलेले नाही.