मामाच्या मांडीवरची सुई

दीक्षा, हे पत्र तुला असलं तरी तू ते वाचणार नाहीस. ड्यूटीवरून आपल्या खोलीवर आलीस की पेपर तोंडावर घेऊन झोपतेस. तेव्हा तुझी गोष्ट इतरांनाच सांगते. मध्ये बोलू नकोस.

तर दीक्षा सिस्टर मूळची कवठे येमाईची, नोकरी शिरूरला, तान्ह्या बाळांच्या दवाखान्यात. पुण्याला जाऊन कानाला बारीक सुया लावायचं अॅक्युपंक्चर शिकून आली आणि दिसेल त्याच्या कानाकडे बघायची खोड लावून घेतली. "सिस्टर, शिवणकाम कधीपासून?" असं डॉक्टर चिडवत.

संधी आली ती नीलमच्या लेकीमुळं. पाठदुखीपायी नीलमनं गरोदरपणभर दुसऱ्याच कुणाच्या चिठ्ठीवरच्या जालीम गोळ्या खाल्ल्या. पोटातल्या पोरीलाही त्यांची सवय लागली. जन्मल्याबरोबर तो पुरवठा तुटला. पोर थरथरायची, किंचाळायची, दूध ओढेना. डॉक्टरांनी औषधाचे थेंब चालू केले. उद्यापर्यंत प्यायली नाही तर पुण्याला हलवायचं ठरलं. थेंबांच्या जोडीला सुया लावून बघा, असं डॉक्टर एकदाचे म्हणाले.

दीक्षानं तिळाएवढी सुई काढली आणि नीलमच्या सासूबाई सगुणाबाई आडव्या आल्या.

"मामाबिगर कानाला हात लावायचा न्हाई!"

"मावशी, हे ते कान टोचणं नाही. हा उपचार आहे."

"कानातच टोचनार न्हवं? मग मामाची मांडी पायजे."

दीक्षानं दहा मिनिटं नसा आणि मेंदू समजावले. सांगितलं की माणसाला पटतं, असं तिला वाटतं. शिकलेल्यांचा जुना आजार. शेवटी नीलमच्या भावाला, खंडूला, इनामगावहून बोलावलं. तो नारळ-गूळ घेऊन आला, आणि मोटरसायकलवर मागं सोनार बसवून!

सोनाराला काचेबाहेर ठेवलं. खंडूला तीनदा हात धुवायला लावले, गाऊन चढवला, मांडीवर पोर दिली. दीक्षानं सुई कानाला लावून वर पट्टी चिकटवली.

"भोकच पडलं न्हाई की," बाहेरून सोनारानं निकाल दिला.

"मॅडम, हलू का?" खंडूनं विचारलं.

"अजिबात नाही."

पायाला मुंग्या आल्या तरी पठ्ठ्या पाऊण तास हलला नाही. पोरीची थरथर मंदावली आणि संध्याकाळी ती आईला लुचली. पुणं टळलं.

कशानं? थेंबांनी, डॉक्टर म्हणाले. मामाच्या मांडीनं, सगुणाबाई म्हणाल्या. दीक्षा सुईसाठी भांडली, मग स्वतःच पुटपुटली, "मांडीवर निवांत होती, हे मात्र खरं." खंडू रोज येऊन बसला. तीन आठवड्यांत थेंब कमी होत होत बंद झाले.

घरी निघताना नीलमनं हळूच विचारलं, "पोरीचं झालं. माझी पाठ दुखतीयच. आता मी काय खाऊ?"

तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं, दीक्षानंही नाही. ती तडक माझ्याकडे आली. दौंडला पाठीचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई माझ्या ओळखीच्या. मी त्यांची वेळ घ्यायची, नीलमला दीक्षानं न्यायचं, असं ठरलं. मी म्हटलं, तू रजेचा वार सांग, मी फोन करते. तिनं वार सांगितला नाही. तिच्या वाराची वाट बघत मीही फोन केला नाही. नीलमची पाठ तशीच.