लॉजचे पहिले एप्रन माझ्या बायकोनं शिवले

आमच्या तालुक्याच्या गावात फ्रीमेसन लोकांचा लॉज कसा सुरू झाला, हे कुणी लिहून ठेवलं असंल तर त्यात माझी बायको नसणार. म्हणून मी लिहायलोय. चौथीपर्यंत शिकलो, चुका होतील.

लॉज म्हणजे राहायचं हॉटेल न्हाई, ह्या पुरुषांच्या मंडळाची बंद दाराआडची बैठक. गावातले डॉक्टर, एक वकील आणि त्यांचे दोस्त आधी लॉजसाठी हैदराबादला जायचे. मग इथंच लॉज काढायची परवानगी मिळाली. अडत दुकानावरचा हॉल भाड्यानं घेतला, मला राखणदार ठेवलं. दारं लावून बसतात म्हणून गाव जादूघर म्हणायचं. मी आत झाडू मारायचो. जादू न्हाई दिसली, खुर्च्या दिसल्या.

पहिल्याच बैठकीत पाच नवी माणसं घ्यायची होती. नव्या माणसाला कोकराच्या पांढऱ्या कातड्याचा एप्रन बांधतात. हैदराबादहून येणारे एप्रन आलेच न्हाईत. चार दिवस राहिले तेव्हा डॉक्टर कमावलेली कातडी घेऊन घरी आले.

"अक्का, तुमच्यासारखी वाकळ कुणी शिवत न्हाई. हे जमंल का?"

"जमतंय की. सुई जाड आणा."

माझी भावजय दारातनं म्हणली, "आता धनगराच्या बाईनं कातडं शिवायचं व्हय?"

"मेंढरं आपली, लोकर आपली. मग कातडं काय शेजाऱ्याचं हाय गं?"

तीन दिवस शिवत होती. बोटं टोचली तर चिंधी गुंडाळायची, पांढऱ्यावर रक्त लागू नये म्हणून.

डॉक्टर मला म्हणले, "अप्पा, विधी आमचा आतला. पण नंतर जेवायला घरची मंडळी येणार हायत. अक्कांना आणा." मी व्हय म्हणलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, तिथं बायांना येऊ देत न्हाईत.

कामून? लाज वाटली. ती मोठ्यानं बोलायची. वकिलाच्या बायकोसमोर काय बोलंल, भरोसा नव्हता.

"बरं," ती म्हणली. "कमरेला कसे दिसतात तेवढं बघून या."

मी पोटभर जेवून आलो. चांगले दिसले, म्हणलो. पुढं कैक वर्षं ती शेजारणींना ऐटीत सांगायची, "तिथं बायांना न्हाई जाता येत, कायदाच हाय."

मागच्या साली तिला दम लागायला लागला. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांची बायको तिथंच होती. म्हणली, "अक्का, लॉजच्या पहिल्या जेवणाला कामून आला न्हाईत? एप्रन शिवणारी बाई बघायची होती आम्हाला. खुर्ची ठेवली होती तुमच्यासाठी."

मी खाली बघितलं. बायकोनं पापणी हलवली न्हाई.

"त्या दिवशी ताप होता मला, बाईसाब."

ऑटोत वाट बघितली, आता बोलंल. न्हाई बोलली. भाजीत मीठ कमी पडलं तर गल्लीला ऐकू जाईल असं ओरडणारी बाई ती. ह्या एका गोष्टीवर गप्प राहिली.

वीस-बावीस दिवसांनी गेली. तेवढे दिवस मी रोज तिच्या उशाला बसायचो, खरं काय ते सांगायचं म्हणून. आणि गोळी घेतली का, एवढंच विचारायचो.