पिशवीसकट सवाष्ण

उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी माझं मोठं आतडं काढून टाकलं, अख्खं. अकरा वर्षं ते आतून सोलवटत होतं, रक्त जात होतं, आणि एकेक औषध हात टेकत होतं. शस्त्रक्रियेआधी सर्जन मला समजावायला कागदावर आकृती काढू लागला. तो जठर फार मोठं काढत होता, म्हणून मी पेन घेतलं आणि पुढची आकृती मीच पुरी केली. जयपूरच्या एका शाळेत मी बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवते. अन्ननलिका, जठर, लहान आतड्याची वेटोळी आणि त्यांच्याभोवती चौकटीसारखं बसलेलं मोठं आतडं, हे मी फळ्याकडे न बघताही काढते.

आता लहान आतड्याचं टोक बेंबीच्या उजवीकडे, जरा खाली, पोटातून बाहेर काढून शिवलेलं आहे. लाल, ओलसर, मोठ्या सुपारीएवढं. त्याला स्टोमा म्हणतात. त्यावर पिशवी चिकटवायची, आणि वरून जे येईल ते तिच्यात जमा होतं. स्टोमाला दुखणं कळत नाही, पण तो हलतो, आवळतो, सैल होतो. अन्न पुढे ढकलणारी जी लाट मी वर्गात मूठ सरकवून दाखवायचे, ती आता रोज सकाळी आरशात दिसते. पहिल्यांदा दिसली तेव्हा किळस यायच्या आधी मनात आलं, पुस्तकात बरोबर लिहिलंय.

स्टोमाला एकच गोष्ट नाही, ती म्हणजे आवळून धरणारा स्नायू. गुदद्वाराशी असं स्नायूचं कडं असतं आणि त्याच्या भरवशावर आपण सगळे चारचौघांत सभ्यपणे वावरतो. माझा स्टोमा कुणाला विचारून चालत नाही. हे मला पक्कं माहीत होतं. तरी श्रावणात मी जे केलं ते केलंच.

इथला सावन आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो, त्यामुळे शेजारणींचे उपास संपत येतात तेव्हा आमची पुरणं शिजायला लागतात. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा करून सवाष्णीला जेवायला घालायचं असतं. आमच्या ओळखीत मराठी घरं मोजकी, त्यामुळे सवाष्णींचा कायमचा तुटवडा. एका श्रावणात मी तीन-तीन घरी जेवले आहे. तिलक नगरच्या काकूंकडे तर दरवर्षी. काकू सत्तरीच्या पुढच्या. मी लग्न करून या शहरात आले तेव्हा गॅसची नोंदणी कुठे करायची इथपासून सगळं त्यांनी सांगितलं. जिवतीचा कागद त्या अजून पुण्याहून मागवतात.

व्रतावर माझा फारसा विश्वास नाही. पण काकूंची पुरणपोळी मला आवडते, आणि त्या घरात वर्षातून एकदा माझे पाय कुणीतरी धुतं, हेही आवडतं. का नाही आवडणार.

सोमवारी त्यांचा फोन आला.

"अगं, या शुक्रवारी येशील ना? नेहमीसारखी."

"येईन की."

"नाही, म्हणजे ते तुझं... ते. पूजेपुरतं, जेवणापुरतं बंद ठेवता येतं का गं?"

"ठेवेन," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "बंद कसं ठेवणार?"

"खाल्लंच नाही तर येईल कुठून?"

तो सिव्हिल इंजिनिअर आहे. त्याला हे पटलं. मलाही पटलं, आणि ते अक्षम्य होतं.

बुधवारी रात्री मी शेवटचं जेवले. गुरुवारी शाळेत नुसत्या पाण्यावर दोन तास घेतले. दुपारी पिशवी पाहिली तर भरलेली, हिरवट पाण्याने. मी रिकामी केली, ती पुन्हा भरली. अन्न येवो न येवो, लाळ सुटते, जठर आम्ल सोडतं, यकृत पित्त करत राहतं, स्वादुपिंडाचा रस येतो. दिवसाकाठी हे रस कित्येक लिटर भरतात. शरीर ते फुकट घालवत नाही. बरंचसं लहान आतडं परत शोषून घेतं आणि उरलेलं पाणी व मीठ मोठं आतडं ओढून घेतं. मोठ्या आतड्याचं मुख्य काम तेच. माझं ते आतडं नाही. तहान लागली म्हणून मी आणखी पाणी प्यायले, आणि नुसतं पाणी अंगातलं मीठ सोबत घेऊन पिशवीत गेलं. हे सगळं मी परीक्षेत पाच गुणांना विचारते.

शुक्रवारी सकाळी साडी नेसताना पोटऱ्यांत गोळे आले. मग हाताची बोटं वाकडी झाली, निऱ्या सुटल्या आणि मी कपाटाला धरून खाली बसले. त्यानंतर इस्पितळ आणि सलाईन.

तिथली स्टोमाची सिस्टर रोज चौमूंहून बसने येते. वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढी. तिने पिशवी तपासली आणि विचारलं, "मैडमजी, व्रत था क्या?"

"नहीं. किसी के घर खाने जाना था."

ती थांबली. "खाने जाना था, इसलिए खाया नहीं?"

"हाँ."

"आप बच्चों को यही पढ़ाती हो?"

नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. सिस्टरने कागदावर लिहून दिलं: मीठ-साखरेचं पाणी, मीठ घातलेली छाछ, भात, केळं, आणि एकही जेवण चुकवायचं नाही. डॉक्टरांनी जाताना सांगितलं की असं दोन-चारदा झालं तर मूत्रपिंडं जातील. काकूंनी त्या दिवशी एका नव्या मुलीला बसवलं. आयटीत काम करते, सांगलीकडची, लग्नाला वर्षही झालेलं नाही.

शनिवारी संध्याकाळी काकू डब्यात मऊ भात घेऊन माझ्या घरी आल्या. मी तो त्यांच्यासमोर, वर मीठ घालून खाल्ला.

"माझ्यामुळे झालं का गं हे?"

"नाही. माझ्या मूर्खपणामुळे झालं. तुम्ही विचारलंत, हो मी म्हणाले."

त्यांनी डब्याचं झाकण उघडझाक केलं. "मी म्हणत होते, पुढच्या शुक्रवारीही त्या मुलीलाच सांगावं. तुला उगाच त्रास."

"कुणाला त्रास, काकू?"

"तुलाच गं."

"मला नाही. मला सांगा. मी येते."

"अगं, पण देवाचं आहे. सोवळ्यातलं. आणि ते तसं... सोबत घेऊन."

मी चमचा ठेवला. "काकू, आज दुपारी काय जेवलात?"

"आज? मुगाची खिचडी. का?"

"ती आता लहान आतड्यात कुठेतरी असेल. आणि कालचं जेवण मोठ्या आतड्यात, दाबून बसलंय. बहुतेक परवाचंही."

"शी. काहीतरीच."

"तुम्ही ते घेऊन पूजेला बसता. गुरुजीही बसतात. माझ्याकडे कालचं काहीच नसतं. चार-सहा तासांत सगळं बाहेर, धुऊन साफ. सोवळं मोजायचंच असेल तर त्या खोलीत सगळ्यात रिकामी मी असेन."

"ते आत असतं," काकू म्हणाल्या.

"तुमचं कातडीच्या आत आहे, माझं पिशवीच्या आत. पिशवीला वास येत नाही. तुम्ही आता दोन फुटांवर बसलायत, आला का?"

त्यांनी खरोखरच नाक किंचित पुढे केलं. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं.

नवरा आतून चहा घेऊन आला. "काकू, सवाष्ण ठरते ती नवरा जिवंत आहे म्हणून ना? मग बघायचं असेल तर माझं आतडं बघा. शाबूत आहे."

"तू गप रे," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "हॉलमध्ये पाट मांडते. तिथून बाथरूम जवळ आहे."

"नेहमी कुठे मांडता?"

"देवघरासमोर."

"मग तिथेच मांडा."

"हट्टी आहेस."

"आहे. आणि मी घरून खाऊन येणार. उपाशी सवाष्ण मिळणार नाही."

मी डबा धुऊन दिला, तो घेऊन काकू गेल्या. फोन येईल की नाही हे मला ठाऊक नव्हतं. नाही आला तर मी दार वाजवून जाणार होते, हे मात्र ठरलं होतं. एकदा का हॉलमध्ये पाट मांडला की पुढच्या वर्षी तो जिन्यात जातो, आणि त्याच्या पुढच्या वर्षी मी घरी बसून सगळ्यांना समजूतदार वाटते.

बुधवारी फोन आला. "अकराला ये. खाऊन ये."

शुक्रवारी मी केळं आणि दहीभात खाल्ला, पिशवी रिकामी केली, साडी जरा वर नेसले आणि गेले. पाट देवघरासमोर होता. काकूंनी पाय धुतले, हळदकुंकू लावलं. ताट वाढलं तेव्हा मी ओल्या खोबऱ्याची चटणी उचलून त्यांच्या हातात दिली.

"ही नको. खोबऱ्याचा चोथा आतड्याच्या तोंडाशी अडकतो."

"चिमूटभरही नाही? नैवेद्याचं आहे."

"अडकलं तर नैवेद्यावरूनच इस्पितळात जाईन."

त्यांनी ती आत नेली. पुरणपोळी मी नीट चावून खाल्ली. तोंड आणि दात हेच माझ्या पचनाचं पहिलं यंत्र, आणि पुढची यंत्रं कमी झाल्यावर या पहिल्यावर भार वाढतो. दुसरी पोळी अर्धी झाली आणि पोटातून आवाज आला, गुडगुड, मग लांब, भांड्यातून पाणी ओतल्यासारखा. देवघरासमोरच्या शांततेत तो चांगलाच मोठा वाटला. काकू तुपाचं भांडं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"हे माझं पोट," मी म्हणाले. "चालतंय. पिशवी भरली, मी जाऊन येते."

"जेवताना मध्येच? पाटावरून?"

"हो. ताट राहू द्या."

सवाष्ण अर्ध्या जेवणातून उठत नाही. मी उठले. बाथरूममध्ये दोन मिनिटं लागली. पिशवी रिकामी केली, तिचं तोंड पुसून बंद केलं, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. या दोन मिनिटांत त्या ताट उचलतील असं मी धरूनच चालले होते, आणि उचललं असतं तर नवं वाढून घेणार होते.

ताट तिथेच होतं. त्यावर त्यांनी केळीच्या पानाचा तुकडा झाकला होता. मी बसले, पान काढलं. काकूंनी उरलेल्या अर्ध्या पोळीवर तूप सोडलं, तेही सढळ हाताने.

"गार झाली असेल," त्या म्हणाल्या.

"चालेल."

मी पूर्ण ताट जेवले. मग ओटी भरायची वेळ आली. मी उभी राहून पदर पुढे पसरला. पदराखाली उजवीकडे पिशवी होती, आणि ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. काकूंनी तांदळाची ओंजळ भरली, हात पुढे आणला आणि अंदाज घेत थबकल्या.

"डावीकडे टाका," मी म्हणाले. "उजव्या बाजूला वजन नको."

"इथे?"

"आणखी थोडं डावीकडे."

त्यांनी तांदूळ डावीकडे टाकले, पाच वेळा. मग नारळ दोन्ही हातांनी धरून अलगद ठेवला, आणि तो उजवीकडे घरंगळू नये म्हणून माझा पदर नीट गोळा होईपर्यंत खालून हात लावून उभ्या राहिल्या.