तांब्यातलं उरलेलं पाणी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तलावातल्या यंत्राचं शेवाळ काढणं. सोमवार होता. दर सोमवारी काढायचोच, त्यात विशेष काही नव्हतं.

तलाव त्र्यंबकेश्वरच्या वाटेला आत आहे. बांधाच्या टोकाला चौकी, तिच्या दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको. मी चौकीदार. पाण्यात मध्यावर एक पिवळं पिंप तरंगतं, त्याच्या पोटाखाली दांड्याला सेन्सर लावलेत. पाणी किती गरम, किती गढूळ, मासे जगतील एवढा प्राणवायू त्यात आहे का, हे ते तासातासाला नाशिकच्या ऑफिसात कळवतात. पण शेवाळ चढलं की खोटं बोलायला लागतात. चांगल्या पाण्याला वाईट म्हणतात. म्हणून होडीतून जायचं, दांडा वर ओढायचा आणि दात घासायच्या ब्रशनं हलक्या हातानं घासायचा. मी ओढायचो, ती घासायची. माझा हात जड. एकदा मी सेन्सरची काच खरवडून ठेवली होती.

त्या सोमवारी घासता घासता ती म्हणाली, "सोताचे दात कधी एवढे घासले नाय मी."

"आता उरलेत किती घासायला?"

"तुमच्यापेक्षा चार जास्त हायेत. मोजून घ्या."

मग दांडा पाण्यात सोडताना म्हणाली, "हे यंत्र बरं हाय. याला धुतलं तर चालतं."

ती कशावरून बोलली ते मला माहीत होतं.

नव्वद सालानंतर मी या चौकीवर आलो तेव्हा यंत्रं नव्हती. अंगणात पावसाचा डबा होता. वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मापात ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा. मी चौथी शिकलेला. आकडे नीट येतात, बाकीचं असंतसं. ती शाळेत गेलीच नव्हती. मी बाटली रिकामी केली की ती तांब्या घेऊन यायची, तुळशीला पाणी घालायची आणि तांब्यात उरेल तेवढ्या पाण्यानं नरसाळं अन् बाटली धुवायची. कावळे बसायचे त्याच्यावर, घाण करायचे. धुतलेली बाटली झटकून परत आत. वर्षानुवर्षं असंच.

एकदा भर पावसात माझा भाऊ वारला म्हणून मी सुरगाण्याला गेलो आणि पाच दिवस तिकडंच अडकलो. आलो तर खिडकीत औषधाच्या रिकाम्या बाटल्या ओळीनं भरून ठेवलेल्या.

"हे पहिल्या दिवसाचं, हे दुसऱ्या," ती म्हणाली. "चौथ्या दिवशी लय पडला, तो कळशीत हाय. झाकून ठेवलाय. घ्या मापून."

मी एकेक मापून वहीत लिहिलं. एक दिवस कोरा राहिला नाही. साहेबांनी वही बघून मला शाबासकी दिली. मी ती घेतली. बाटल्यांचं सांगितलं नाही.

दोन हजार सालानंतर यंत्र आलं. पाण्यात पिंप सोडलं, आणि अंगणातला डबा काढून त्या जागी खांब रोवला. वर वारा मोजायच्या वाट्या, उन्हावर चालणारी पट्टी, आणि कडेला नवा डबा. त्यालाही नरसाळं. पण आत बाटली नाही. दोन चमच्यांएवढ्या वाट्या तराजूसारख्या लावलेल्या. एक भरली की कलते, टक् वाजतं, आणि ते टक् नाशिकला जातं. वही बंद झाली. साहेब म्हणाले, "बाबा, आता तुम्ही फक्त सगळं साफ ठेवायचं."

ती साफ ठेवू लागली. आधी ठेवायची तसंच.

दिवाळी झाल्यावर ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला. "बाबा, तुमच्याकडं रोज सकाळी पाऊस कसा काय पडतो?"

"पाऊस? इथं धूळ उडतीय, मॅडम."

"थोडाच पडतो. पण रोज, नऊच्या आत."

दुसऱ्या दिवशी साहेब जीप घेऊन आले. वायरी उघडून बसले. तेवढ्यात ही घरातून तांब्या घेऊन आली, तुळशीला पाणी घातलं आणि उरलेलं साहेबांच्या डोक्यावरून हात नेऊन नरसाळ्यात ओतलं. टक्, टक्, टक्.

साहेब हसायला लागले. "मावशी, हा पाऊस तुम्हीच पाडताय होय?"

तीपण तोंडाला पदर लावून हसली. मी हसलो नाही. मला वाटलं, चौकी जाते आता. मी म्हणालो, "अडाणी बाई हाय, साहेब. जनावराला सांगितलं तर ते तरी ऐकतं."

तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

साहेब म्हणाले, असू द्या, कोरड्या फडक्यानं पुसत जा. ते गेले. दुसऱ्या दिवसापासून ती तुळशीला मागच्या बाजूनं यायला लागली, खांबापाशी फिरकेना. उरलेलं पाणी कढीपत्त्याला. आणि मला काही विचारायचं असलं की आधी म्हणायची, "अडाणी हाय म्हणून विचारते." भाजीत मीठ किती टाकू, तेसुद्धा असं विचारायची. तीन वर्षं.

ते शब्द मला परत घ्यायचे होते. चुकलं माझं, एवढंच. रोज वाटायचं, आज म्हणू. बायकोला असं म्हणायची आमच्यात सवय नाही. तोंड उघडायचं आणि दुसरंच काही बाहेर पडायचं.

त्या सोमवारी होडी बांधताना म्हणणारच होतो. घसा खाकरला.

"खोकला झाला काय?" ती म्हणाली. "चला, आलं घालून चहा टाकते."

चहा झाला. मग ती भाकरी थापायला बसली. दोन झाल्या, तिसरी परातीत होती. छातीत जळजळतंय म्हणाली आणि भिंतीला टेकली. वस्तीवरची जीप येईपर्यंत सगळं झालं होतं. मुलगी पिंपळगावहून आली, माझी धाकटी बहीण आली. दिवस मावळायच्या आत नेलं. लोक काय काय बोलत होते, ते कानावर पडत होतं. मला रडू आलं नाही. मी पिवळ्या पिंपाकडं बघत होतो. मुलगी म्हणाली, बाबा, काहीतरी बोला.

सकाळी उठलो. आंघोळ केली. साडेआठ झाले तसा तांब्या भरला आणि तुळशीपाशी गेलो.

बहीण दारातून ओरडली, "आरं दादा, काय करतो? सुतक हाय. दहा दिवस तुळशीला हात लावायचा नाय. वस्तीवरची कोणीतरी घालील पाणी."

"मंग हे काय करू?"

"ओत कुठंबी."

तुळशीपासून खांब तीन पावलांवर. मी गेलो आणि सगळा तांब्या नरसाळ्यात ओतला. एकदम नाही, धार धरून, ती ओतायची तसा. आत टक् टक् वाजत राहिलं. कावळ्याची घाण निघून गेली. तांब्या पालथा घालून मी पायरीवर बसलो.

तासाभरानं फोन वाजला. ऑफिसातल्या मॅडम. त्यांना काही माहीत नव्हतं.

"बाबा, सकाळी पाऊस दाखवतंय. मावशींनी परत पाणी घातलं वाटतं?"

"नाय," मी म्हणालो. "तिनं नाय. मी घातलं. लिहून ठेवा, मी घातलं."