वेलीचा काढा आणि ताईच्या गोळ्या

मला वाचायला पत्रकांनी शिकवलं. गिरणी बंद झाल्यावर बाबा जोगेश्वरीतल्या एका छापखान्यात लागले आणि घरात उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे येऊ लागले. 'कमळ' वाचायच्या आधी मी 'धिक्कार' वाचला. त्यामुळे राग आला की मी अजून पत्रकच लिहिते.

त्याला बाबांचा एकच नियम. छापण्याआधी, ज्याच्याविरुद्ध लिहिलंय त्याला वाचून दाखवायचं. आपली चूक सगळ्यात आधी त्यालाच सापडते, असं ते म्हणतात.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझी मोठी बहीण बोरिवलीला राहते, बँकेत आहे. नैराश्यासाठी ती दोन वर्षं गोळ्या घेत होती. बरी होती, पण गोळ्यांना कंटाळली होती. तेवढ्यात तिच्या एका मैत्रिणीने बातमी आणली की चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात शनिवारी कुठल्याशा परदेशी वेलीचा काढा पाजणार आहेत. तो प्यायला की डोळ्यांपुढे दृश्यं येतात आणि मनात साचलेलं सगळं निघून जातं.

मी तर खूश! झाडं जनतेची, गोळ्या कंपन्यांच्या. एका बैठकीत दोन पानं लिहून काढली, शीर्षक 'गोळीच्या गुलामीतून मुक्ती'. ताईला फोनवर वाचून दाखवलं.

"झकास! जातेच मग," ती म्हणाली. "उद्यापासून गोळ्या बंद करते. शनिवारपर्यंत शरीर साफ."

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "झाड चांगला, गोळी वायट. ह्यां तुका कोणी सांगितल्यान?"

"बाबा, तत्त्वाचा प्रश्न आहे."

"आसूं दे. केमिस्टाक वाचून दाखव, मगे छाप."

कोपऱ्यावरचे केमिस्ट काका मला लहानपणापासून ओळखतात. "काका, तुमच्याविरुद्ध लिहिलंय," मी म्हटलं.

"ऐकव ना. गिऱ्हाईक नाहीये तसंही."

'रक्तपिपासू' या शब्दाला ते पोट धरून हसले. "अगं, माझंच हिमोग्लोबिन नऊ आहे!" मग ताईबद्दलचा परिच्छेद आला आणि त्यांचं हसू थांबलं. "कुठली गोळी घेते ती?"

मी नाव सांगितलं.

"आणि वर हा काढा? पत्रक खड्ड्यात घाल. आधी तिला फोन लाव. गोळीसुद्धा मनाने बंद करू नको म्हणावं. डॉक्टरकडे घेऊन जा, मी नुसता दुकानदार आहे."

दुकानाच्या पायरीवरूनच फोन लावला. ताई चिडली. "काल मुक्ती, आज बंदी? तुझं काय ते एकदा ठरव ना!" पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे आली.

डॉक्टरबाईंनी साध्या शब्दांत सांगितलं. त्या वेलीतली द्रव्यं आणि ही गोळी एकत्र आली तर एकाच रसायनाचा परिणाम शरीरात प्रमाणाबाहेर वाढू शकतो. ताप, थरथर, धडधड, अंग ताठरणं. जीवही जाऊ शकतो.

"आणि दोन-तीन दिवस आधी गोळी सोडली तर?" ताईने विचारलं.

"तेवढ्यात ती शरीरातून जाईलच असं नाही. काही गोळ्यांना कित्येक आठवडे लागतात. शिवाय एकदम सोडलीत तर चक्कर येईल, जीव घाबरा होईल, आजार परत डोकं वर काढेल." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "पण तुम्हाला तिथे जायचं का होतं?"

ताई त्या पेनाकडे बघत म्हणाली, "मला रडूच येत नाही, डॉक्टर. बाबा आयसीयूत होते तेव्हाही आलं नाही."

"हे मला कधी बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. मग कुठली गोळी किती आणि किती हळू बदलायची, यावर दोघी अर्धा तास बोलल्या. दोन पानं लिहिताना मलाही तिला 'का जायचंय' हे विचारायचं सुचलं नव्हतं.

बाहेर येऊन ताईने गाळेवाल्यांना फोन लावला, स्पीकरवर. "माझ्या नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत. काढा चालेल?"

"मॅडम, भीती म्हणजे अहंकार. सगळं नॅचरल आहे."

"कण्हेर पण नॅचरलच असते. तिचा काढा तू पी आधी!" ताईने फोन ठेवला.

इतकं धारदार वाक्य माझ्या एकाही पत्रकात नाही. मी हसता हसता रडायलाच लागले. "तायडे, सॉरी गं. माझ्यामुळे तुझी वाट लागली असती."

"लागली असती ना! आता रडू नको, भूक लागलीय."

औषधकंपन्यांवरचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही. त्यांच्या किमतींवर वेगळं लिहीन, आणि तेव्हा विचारून लिहीन. त्या दिवशी मात्र मी ताईच्या घरीच थांबले. जेवण झाल्यावर तिने गोळी घेतली, पाणी प्यायली आणि मी बघतेय हे पाहून भला मोठा 'आ' केला.

"गिळली गं बाई! जीभ पण उचलून दाखवू?"

"दाखव," मी म्हटलं. तिने दाखवली.